अर्थ लागणे

मोटारीच्या विजेचे काम करणाऱ्या मिस्त्रींच्या बोलीत एक वाक्य वारंवार कानी पडते आणि साहित्याच्या माणसाला ते प्रत्येक वेळी थबकायला लावते: 'याला अर्थ लागत नाही.' हा 'अर्थ' आपला नव्हे. तो इंग्रजीतून आलेला भूमीवाचक शब्द आहे. विजेचा प्रवाह बॅटरीच्या धन टोकातून निघतो, वाटेत दिवा पेटवतो, काटा हलवतो, आणि अखेर त्याला ऋण टोकाकडे परतावे लागते. घरात या परतीसाठी वेगळी तार असते. मोटारीत बहुतेक ठिकाणी गाडीचा लोखंडी सांगाडाच ती वाट असतो. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा प्रत्यक्ष भूमीशी काही संबंध नसतो, तरी या सांगाड्याला 'बॉडी अर्थ' असे नाव पडले आहे. परतीची वाट जेथे नीट नाही तेथे अर्थ लागत नाही. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात हा केवळ योगायोग; पण एका जुन्या जीपमध्ये नवे मीटर बसवण्याच्या प्रकरणात एक अख्खा पावसाळा गेल्यावर हा योगायोग आमच्या मनातून जाईना. त्या प्रकरणाची हकिगत येथे सांगावयाची आहे. वाचनाविषयी सांगण्याजोगे तीत काही असावे असे आम्हांस वाटते. ते आहे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

आमच्याकडे वडिलांच्या वेळची एक डिझेल जीप आहे. आम्ही वाईस मराठी शिकवतो. आई आता आमच्याजवळ असते, परंतु २०१६ साली ती पोलादपूरच्या बाजूला गावी राहत असे, आणि दर पंधरवड्यास तिच्याकडे जाणे-येणे होई. मधे महाबळेश्वरचा डोंगर आडवा. पोलादपूर कोकणच्या तळाशी, महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच, आणि ही सारी चढण सुमारे ४० किलोमीटरच्या आंबेनळी घाटरस्त्यात. जुने इंजिन अशा चढणीवर तापते. तापू दिले तर हेड वाकते, आणखी तापू दिले तर इंजिन जाम होते. म्हणजे एका शिक्षकाच्या काही महिन्यांच्या पगाराची राख होते, आणि तीही घाटातल्या एखाद्या वळणावर. जीपचे मूळचे मीटर एकेक करून मेले होते. म्हणून त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यास नाना पेठेत जाऊन आम्ही तीन नवे गोल मीटर आणले: एक पाण्याच्या उष्णतेचा, एक तेलाच्या दाबाचा आणि एक व्होल्टमीटर. वाईतल्याच एका गॅरेजात ते बसवून घेतले. गॅरेजचे नाव सांगण्याचे काही कारण नाही.

या मीटरांचा व्यवहार थोडा समजून घेतला पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. उष्णतेच्या मीटरचा सेन्सर इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणी थंड असताना तो विजेला पुष्कळ विरोध करतो, काही शे ओहम. पाणी तापत जाईल तसा विरोध घटत काही दशक ओहमांवर येतो. तेलाच्या सेन्सरचे, निदान आम्ही आणलेल्या प्रकारात, वेगळे असते: दाब नसताना विरोध अगदी कमी, दाब वाढेल तसा अधिक. मीटरच्या पोटात तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातला प्रवाह सेन्सरमधून इंजिनाच्या लोखंडात उतरतो, दुसऱ्यातला मीटरच्या स्वतःच्या काळ्या तारेने गाडीच्या सांगाड्यात जातो. या दोन ओढींच्या ताणात काटा कोठेतरी स्थिरावतो. म्हणजे काट्याला इंजिन दिसत नसते. तो दोन ओढींची तुलना सांगत असतो, आणि त्यांतली एक ओढ जोवर ठरलेली, स्थिर आहे, तोवरच दुसरीविषयी त्याचे सांगणे खरे मानता येते. तिसरा, व्होल्टमीटर, यांहून साधा. त्याला सेन्सरच नाही. एक तार धन टोकाकडे, एक अर्थाला, आणि त्या दोहोंत अंतर किती एवढेच तो दाखवतो. गोष्टीत पुढे हाच साक्षीदार कामी आला.

दिवसा तिन्ही काटे शहाण्यासारखे वागत. सायंकाळी दिवे लावले की मात्र त्यांना काहीतरी होई. उष्णतेचा काटा वर चढे, तेलाचा काटा खाली येई, व्होल्टमीटरही थोडा ढळे. गॅरेजात परत नेल्यावर तेथील मुलाने क्षणाचाही विचार न करता सांगितले, 'सेन्सर गेले असतील, बदलून टाका.' दोन्ही सेन्सर बदलले. संध्याकाळी पुन्हा तेच.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंजिन खरोखरच तापते तेव्हा तेल पातळ होते आणि तेलाचा दाब घसरतो. म्हणजे उष्णता वर आणि दाब खाली हे खऱ्या दुखण्याचे अगदी बिनचूक चित्र आहे. आमचे मीटर खोटे बोलत असतील तर ते वाटेल तसे बरळत नव्हते. सुसंगत, विश्वासार्ह, तज्ज्ञालाही पटेल असे खोटे बोलत होते. विसंगत खोटे लगेच ओळखू येते. सत्याची सारी लक्षणे अंगावर वागवणाऱ्या खोट्याचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक इतिहासकाराला आणि प्रत्येक पाठचिकित्सकाला केव्हा ना केव्हा पडतोच.

त्या आषाढात आईला तपासणीसाठी वाईस आणायचे होते. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली होती. निघायला उशीर झाला. पोलादपूर सोडले तेव्हा अंधारून आले होते, आणि अर्ध्या घाटात पाऊस व धुके यांनी रस्ता गिळून टाकला. दिवे लावणे भागच होते. प्रतापगडाच्या पायथ्याच्या कुंभरोशीपर्यंत येईतो उष्णतेचा काटा शंभराच्या बराच पुढे गेला आणि तेलाचा काटा तळाकडे झुकला. आम्ही जरा रुंद जागा पाहून, एका बंद टपरीपाशी गाडी रस्त्याच्या बाहेर घेतली. इंजिन चालूच ठेवून दिवे मालवले. काटा उतरत नव्वदीच्या थोडा वर येऊन थांबला. दिवे लावले, पुन्हा चढला. मालवले, पुन्हा उतरला. आई मागच्या बाकावरून हे पाहत होती. 'गाडी तापली काय रे?' तिने विचारले. 'तापली की नाही तेच बघतोय,' आम्ही म्हणालो.

लोखंडाचे एवढे मोठे धूड क्षणात पंधरा-वीस अंश तापत नाही आणि क्षणात निवतही नाही. तेव्हा दिव्यांबरोबर होणारी ही उडी इंजिनाची नव्हती, एवढे निश्चित. पण म्हणून इंजिन तापलेले नाही असे कोठे सिद्ध होत होते? काट्याच्या सांगण्यात खोट्याची भर पडली आहे हे कळले, त्यातले खरे किती हे कळले नाही. आम्ही अर्धा तास थांबलो. मग निघालो, आणि महाबळेश्वर येईपर्यंत सुरक्षित जागा मिळेल तेथे थांबून, दिवे मालवून काटा वाचायचा आणि पुन्हा चालू लागायचे, असे चार वेळा केले. चौथ्या वेळी आईने विचारले, 'आता तरी खरं सांगतोय का तो?' उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ मात्र गाठली.

दिवे असता उडी असणे आणि दिवे नसता उडी नसणे, याला आपल्याकडे जुने नाव आहे: अन्वय आणि व्यतिरेक. एक असले की दुसरे असते, एक नसले की दुसरे नसते. यावरून दोहोंचा संबंध ठरवायचा. हा शब्द मराठीच्या वर्गात आपण जरा निराळ्या कामाला लावतो, ओवीतल्या विखुरलेल्या शब्दांचा क्रम लावून तिचा सरळ अर्थ काढतो त्याला 'अन्वय लावणे' म्हणतो. दोन्हीकडे मुद्दा एकच: कशाचा संबंध कशाशी आहे ते आधी ठरवा, मत नंतर द्या. 'सेन्सर गेले' हे निदान या क्रमाला धरून नव्हते. शिवाय त्यात दुसरा दोष होता. दोन सेन्सर एकाच दिवशी, एकाच वेळी, दिव्याची कळ दाबताच बिघडतात, आणि ज्याला सेन्सरच नाही तो व्होल्टमीटरही त्याच क्षणी ढळतो. हे मानायला तीन स्वतंत्र कारणे मानावी लागतात. आपल्या शास्त्रकारांनी याला गौरवाचा दोष म्हटले असते. एका कारणाने भागत असता तीन मानू नयेत, लाघव पत्करावे.

एक कारण म्हणजे कोणते? या ठिकाणी आम्हांस आमच्याच विषयाची मदत झाली. पाठचिकित्सेचा एक मूलभूत नियम आहे. दोन हस्तलिखितांत एकच शुद्ध पाठ आढळला तर त्यावरून त्यांच्या नात्याविषयी फारसे काही सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ मूळचाच असून तो कोणाकडेही टिकू शकतो. पण दोहोंत एकच चूक आढळली, आणि ती दोन लेखकांच्या हातून स्वतंत्रपणे होण्याजोगी नसली, तर ती दोघांच्या सामाईक पूर्वजात शिरली असली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान या जर्मन पंडिताच्या नावाने ही पद्धत रूढ झाली. त्याची लुक्रेशियसची आवृत्ती १८५० सालची. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पुरे झालेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम पाहा. तेथे तर परंपरा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या की युरोपातली पद्धत जशीच्या तशी चालेना, आणि विष्णु सीताराम सुखटणकरांना आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेत त्यावर सविस्तर लिहावे लागले. तरीही प्रतींची कुळे लावणे, कोणती भर कोणत्या कुळात पडली ते शोधणे, हेच त्या कामाचे सूत्र राहिले.

जीपच्या तारांचा जुडगा म्हणजे असाच एक वंशवृक्ष. बॅटरीपासून निघून तो फाटत फाटत प्रत्येक दिव्यापर्यंत, प्रत्येक काट्यापर्यंत जातो. तीन काटे एकाच वेळी एकच चूक करीत होते. तर चूक त्यांच्या सामाईक पूर्वजात शोधायची. इंजिनाकडे जाणाऱ्या तारा दोघांच्या वेगळ्या, आणि तिसऱ्याला तशी तारच नाही. तिघांत समान अशा दोनच गोष्टी: वीज आणणारी वाट आणि वीज परत नेणारी वाट.

पुढील काम एका वयस्क मिस्त्रींबरोबर झाले. ते गॅरेज चालवीत नाहीत. कोणी बोलावले तर पिशवी घेऊन येतात. आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून आम्ही मल्टिमीटर आणला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे आदराने पाहिले आणि पिशवीतून स्वतःचे हत्यार काढले: हेडलाइटचा एक जुना बल्ब, त्याला जोडलेल्या दोन लांब तारा.

'तुमचा मीटर बघा सर, मग माझा बघू.'

इंजिन चालू करून, दिवे लावून प्रथम बॅटरीच्याच टोकांवर मोजले: १३.८ व्होल्ट. डॅशबोर्डवरचा व्होल्टमीटर त्याच क्षणी साडेबाराच्या आसपास दाखवीत होता. म्हणजे वीजनिर्मिती ठीक होती. बॅटरी आणि काटा यांच्यामध्ये कोठेतरी सव्वा व्होल्ट हरवत होता. येण्याच्या वाटेवर मोजले. तेथे गळती नगण्य. मग मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे मीटरांच्या काळ्या तारेवर टेकवले. ही दोन्ही ठिकाणे 'अर्थ' म्हणवतात. त्यांच्यात अंतर शून्य असायला हवे. एक दशांश, फार तर दोन दशांश व्होल्ट चालतो. आकडा आला १.२. दिवे मालवल्यावर तो ०.३ वर आला.

काट्यांच्या पायाखालची जमीनच दिव्यांबरोबर वर उचलली जात होती. स्थिर असायला हवी ती ओढ दुबळी होत होती, आणि दुसरी ओढ तेवढीच राहूनही जास्त भासत होती. म्हणून उष्णतेचा काटा वर जाई आणि, विरोधाची चाल उलटी असल्यामुळे, तेलाचा खाली येई. खऱ्या दुखण्याचे ते हुबेहूब सोंग अशा रीतीने सजले होते. त्यात कोणाची कल्पकता नव्हती, दोन सेन्सरांच्या उलट्या चाली तेवढ्या होत्या.

आता ही परतीची वाट शोधायची. रंगांवर भरवसा ठेवून चालत नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या परंपरेत तपकिरी तार म्हणजे बॅटरीतून थेट येणारी जिवंत वीज; जर्मन परंपरेत तीच तपकिरी तार म्हणजे अर्थ. एकच शब्द दोन संप्रदायांत नेमक्या उलट अर्थाने वापरला जावा, तसे हे. आमच्या जीपमध्ये तर वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांनी कोणतीच परंपरा शुद्ध ठेवली नव्हती. ज्या दिवशी दुकानात जो रंग मिळाला तो त्या दिवशीच्या मिस्त्रीने लावला होता. तेव्हा रंग वाचायचा नाही, तार हाताने धरून शेवटपर्यंत जायचे. ती डॅशबोर्डखालच्या एका पट्टीपाशी जाऊन पोचली. तीन मीटरांच्या आणि त्यांच्या आतल्या तीन दिव्यांच्या मिळून सहा काळ्या तारा एकाच थिंबलमध्ये पिळून घातल्या होत्या, आणि ते थिंबल एका स्क्रूने पट्टीवर आवळले होते.

आम्ही मल्टिमीटरने तेथला विरोध मोजला. आकडा दीड ओहमच्या जवळ, आणि त्यातलाही काही भाग मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा. इतका क्षुल्लक आकडा पाहून कोणीही जोड चांगला आहे असेच म्हणेल. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या बल्बची एक तार बॅटरीच्या धन टोकाला लावली, दुसरी आधी ऋण खांबाला: बल्ब डोळे दिपवील असा पेटला. मग तीच दुसरी तार त्या थिंबलला टेकवली. बल्ब विस्तवासारखा तांबूस, मरगळलेला.

'भार टाकल्याशिवाय कळत नाही, सर. रिकामा जोड सगळ्यांना जोडच वाटतो.'

गणित सोपे होते. दिव्यांसह त्या सहा तारांतून जेमतेम एक अँपियर वीज जात होती, वाटेत जेमतेम सव्वा ओहम विरोध होता, गुणाकार १.२ व्होल्टच्या घरात. हा गुणाकार ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेओर्ग ओहम कोलोनच्या एका शाळेत शिकवत असे. त्याचा ग्रंथ १८२७ साली आला तेव्हा जर्मनीत त्याचे थंडे स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले ते १८४१ साली. मल्टिमीटर विरोध मोजताना तारेतून अत्यल्प वीज पाठवतो. तेवढ्या विजेला तारेचा एकच तंतू शाबूत असला तरी पुरतो. खरे काम सांगितले की तोच जोड कोलमडतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत बिनचूक भासणारे आणि एखादी कविता पुढ्यात ठेवताच निकामी ठरणारे पाठांतर आम्ही इतक्या वर्षांत इतके पाहिले आहे की मिस्त्रींचे वाक्य ऐकताना आम्हांस जरा हसू आले.

स्क्रू काढला. खाली रंगाचा जाड थर. रंग विजेला वाट देत नाही. स्क्रूच्या आट्यांनी तो जेथे थोडासा खरवडला होता तेवढ्यावर सारा कारभार चालला होता, आणि तेथेही पावसाळ्याने गंज चढवला होता. मिस्त्रींनी कानशीने चकचकीत लोखंड उघडे केले, दातेरी वॉशर घातला, आणि मीटरांच्या अर्थासाठी एक स्वतंत्र जाड तार थेट इंजिनापर्यंत नेली, जेणेकरून सेन्सर ज्या भूमीवर उभे आहेत त्याच भूमीवर मीटरही उभे राहावेत. दिव्यांच्या काळ्या तारा वेगळ्या काढून पट्टीवर दिल्या. पुन्हा मोजले: ०.०३ व्होल्ट. दिवे लावले, मालवले, लावले. काटे हलले नाहीत.

गोष्ट येथे संपली असती तर ती एका काजळलेल्या स्क्रूची गोष्ट झाली असती. पण त्या आठवड्यात भर दुपारी, दिवे न लावता, आम्ही घाट चढून पाहिला. काटा सावकाश, उडी न मारता, चढत चढत शंभराच्या जरा पुढे गेला.

आता मोह काय होतो पाहा. या काट्याचे खोटे बोलणे सिद्ध झालेले. महिनाभर त्याने छळले. तेव्हा हेही खोटेच, आणखी एखादा जोड ढिला असेल, असे म्हणून पुढे जाणे किती सोपे! आम्ही मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, 'आता त्याच्यावर संशय घ्यायचा असेल तर चहाच्या पातेल्यात बघून घ्या, आणि मग तो सांगेल ते ऐका.' सेन्सर काढून, त्याच्या पितळी अंगाला इंजिनापर्यंतची अर्थाची तार बांधून, उकळत्या पाण्यात सोडला. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी शंभराला नव्हे, ९७-९८ अंशांना उकळते. काटा शंभराच्या किंचित अलीकडे थांबला. सेन्सर खरा होता, तार खरी होती, अर्थ खरा होता. तर मग इंजिनच खरोखर तापत होते.

रेडिएटर उतरवला. त्याच्या नळ्यांपैकी बऱ्याच गाळाने बुजल्या होत्या. कुंभरोशीच्या त्या रात्री काट्याने जे सांगितले त्यात खोट्याच्या खाली थोडे खरेही दडलेले होते. दिवे मालवल्यावर 'नव्वदीच्या थोडा वर' म्हणून जे दिसले, तेही उतरलेल्या इंजिनाचे नव्हते. आम्ही अर्धा तास थांबलो ते योग्यच झाले. रेडिएटर साफ झाल्यावर तोच घाट तोच काटा नव्वदीच्या आत चढतो.

साहित्याच्या वर्गात गेल्या दोन-तीन दशकांत आपण संशय शिकवला. संहिता काय सांगते यापेक्षा ती काय लपवते, निवेदक कोणाच्या बाजूचा, भाषेच्या तळाशी कोणाची सत्ता. हे प्रश्न विचारायला विद्यार्थी शिकले, आणि त्यांत गैर काही नाही. भाबड्या वाचनाने कितीतरी खोटे खरे म्हणून चालवले होते. परंतु मिस्त्रींच्या संशयात आणि आमच्या वर्गातल्या संशयात एक फरक आम्हांस जाणवत राहिला. त्यांच्या संशयाला क्रम होता: आधी अर्थ, मग तार, मग सेन्सर, मग इंजिन. आणि त्याला शेवट होता. प्रत्येक जोड भाराखाली तपासून झाला की संशय घेणाऱ्यावर एक कर्तव्य येऊन पडे. काटा सांगेल ते ऐकण्याचे. पाठचिकित्सकही प्रक्षेप काढतो तो संहिता नाहीशी करण्यासाठी नव्हे. उरते ती संहिता त्याला मग अधिक गांभीर्याने वाचावी लागते, कारण आता 'हे मागाहून घुसडलेले असेल' अशी पळवाट राहिलेली नसते.

आणि सामाईक चुकीचा तो नियम वाचकालाही लागू आहे. एखाद्या वाचकाला त्याने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात एकच दोष दिसत असेल, तर तो दोष त्या सर्व पुस्तकांच्या सामाईक पूर्वजात असण्याचा संभव धरला पाहिजे. आणि त्या सर्वांत समान असा एक तर वाचक स्वतःच असतो. त्याच्या पायाखालची भूमी कोणत्या दिव्यासरशी वर उचलली जाते, हे त्याने एकदा मोजून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने ग्रामीण जीवनावरच्या तीन कादंबऱ्यांवर निबंध आणला. तिन्हींतल्या स्त्रिया केवळ सोसण्यापुरत्या येतात, त्यांना स्वतःची इच्छा म्हणून नाही, असे तिचे म्हणणे. आम्ही तिला एवढेच विचारले की, हे तुला सगळीकडेच दिसते की याच तिघींत? ती काही न बोलता गेली. तीन आठवड्यांनी परत आली ती चौथी कादंबरी वाचून, त्याच काळातली, तशाच गावातली. तीत तसे नव्हते. तेथल्या बाईला इच्छा होती, हट्ट होता, एक चूकही होती. 'म्हणजे माझ्या वाचनात खोट नाही ना, सर?' तिने विचारले. नव्हतीच. मग ती पहिल्या तिन्ही कादंबऱ्यांकडे पुन्हा वळली आणि निबंध नव्याने लिहिला. आता तो पहिल्याहून कठोर झाला होता, आणि त्यातले एकही वाक्य आम्हांस खोडता आले नाही.